अर्ध्या जोराचा चेंडू

आमच्या गावंडे सरांना बेसबॉल येत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला उगाच त्यांच्याबद्दल आदर वाटायला नको. ते शाळेत पीटी शिकवायचे, म्हणजे ते शिट्टी वाजवायचे आणि आम्ही पोरी मैदान झाडायचो. एका उन्हाळ्यात ते कुठल्याशा शिबिराला चार दिवस जाऊन आले आणि येताना दोन बॅटी, सहा चेंडू, तीन हातमोजे आणि एक शोध घेऊन आले. शोध असा, की कबड्डीचा संघ गावोगाव आहे, पण बेसबॉलचा मुलींचा संघ अख्ख्या जिल्ह्यात एकच आहे. आपण काढला की दोन झाले. या दोन संघांतून जिल्ह्याचा संघ निघणार, तो राज्य स्पर्धेला जाणार, आणि राज्य स्पर्धेला गेलेल्या पोरीला सर्टिफिकेट मिळणार. सर्टिफिकेट म्हणजे खेळाडूंचा कोटा, कोटा म्हणजे पोलीस भरती. खेळ कसा खेळतात हे सर शिबिरातून शिकून आले नाहीत, पण हा हिशेब मात्र त्यांना तोंडपाठ होता. आम्ही त्या बॅटी घेऊन दिग्रसच्या रस्त्यानं निघालो की ओट्यावरच्या बाया विचारायच्या, "पोरीहो, कपडे धुवाची मोगरी घेऊन कुठं चालल्या वो?" त्या बायांना या खेळातलं आमच्या सरांइतकंच कळत होतं, फरक एवढाच की त्या शिट्टी वाजवत नव्हत्या.

मी पिचर होते. म्हणजे बॅट घेऊन उभ्या असलेल्या पोरीकडे जी चेंडू फेकते ती. माझी निवड सरांनी कशावरून केली? तर पहिल्या दिवशी सगळ्या पोरींचे चेंडू कंपाउंडच्या पलीकडे गेले आणि माझा सरळ गेला. एवढ्यावर मी आयुष्यभराची पिचर झाले. चेंडू पकडायला समोर रेहाना बसायची. ती माझ्याच वर्गातली, बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि जीभ अशी की सरसुद्धा तिच्याशी बोलताना जरा अंतर ठेवायचे. तिला मिळालेला हातमोजा मधोमध फाटलेला होता. त्यात ती जुन्या ट्यूबचा तुकडा घालून बसायची आणि माझे चेंडू झेलायची.

आमचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. हंगामात ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवया, कान, नाकातले केससुद्धा पांढरे असायचे. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत राहिल्यानं घरात ओरडून बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळं आमच्या घरातली एकही गोष्ट गल्लीला माहीत नाही असं कधी झालं नाही. संध्याकाळी विहारातून वंदनेचा आवाज यायचा, त्याच वेळी माय चुलीवर भाकरी थापायची, आणि त्या दोन आवाजांच्या वर बाबांचा आवाज, "कुंदीचं सर्टिफिकेट आलं की या भिंतीले लावू! इथं! या खिळ्याले!" खिळा त्यांनी आधीच ठोकून ठेवला होता. थंडीत तुरीच्या सोल्यांची आमटी, उन्हाळ्यात बेसन आणि कांदा, आणि दोन्ही वेळी सर्टिफिकेट. माय मजुरीला जायची, कापूस वेचायला, निंदायला, उन्हाळ्यात वावरं साफ करायला. ती या विषयावर काही बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "पोलीस झाली तर बुटं मिळतीन न पायात?" बाबा त्यावर पाच मिनिटं हसले. मला तेव्हा तिचा रागच आला. आता मला बाबांच्या हसण्याचा येतो.

बारावीची परीक्षा झाली आणि सरांनी सकाळ-संध्याकाळ सराव लावला. किती चेंडू टाकायचे याचं माप नव्हतं. सरांचा चहा संपेपर्यंत टाकायचे, आणि सर चहा फार सावकाश प्यायचे. पंधरा दिवसांत माझ्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला असं काही दुखायला लागलं की वेणी घालता येईना, पाण्याची गुंडी उचलता येईना. बाबांनी किराणा दुकानातून बिब्बा आणला आणि सुईवर तापवून कोपराला चटका दिला. त्यानं कोपर दुखायचं थांबलं नाहीच, वर रुपयाएवढा फोड आला. शेवटी यवतमाळच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, आतली शीर ताणली गेली आहे, महिनाभर पूर्ण आराम, मग चेंडू टाकायला अगदी हळूहळू सुरुवात. हे "हळूहळू" ऐकायला सर माझ्यासोबत आले होते, हे माझं दुर्दैव.

कारण सरांनी त्या एका शब्दावर अख्खा कार्यक्रम बांधला. वहीत रेघा मारून तक्ता केला: पहिला आठवडा पाव जोर, दुसरा आठवडा अर्धा जोर, तिसरा पाऊण. आणि जोर वाढू नये म्हणून अक्कल काय लढवली? तर चेंडूचा जोर पायातून येतो, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. ते खरंही होतं. मग पायच बंद केले तर जोर आपोआप कमी, आणि जोर कमी तर कोपर सुरक्षित! म्हणून त्यांनी मैदानावर चुन्यानं ताटाएवढं वर्तुळ काढलं, त्यात माझी दोन्ही पावलं ठेवली आणि सांगितलं, "पाय उचलला तर तो चेंडू मोजायचा नाही." मी खांबासारखी उभी राहून नुसत्या हातानं चेंडू टाकायचे. सर विचारायचे, "किती टक्के?" मी म्हणायचे, "पन्नास." सर वहीत पन्नास लिहायचे. माझ्या पन्नासाला पुरावा काय, तर मी. माझा मला पुरावा काय, तर काहीच नाही. त्या वहीइतका खोटा कागद मी पुढं फार थोडे पाहिले, आणि आज बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तेव्हा कागद मी पुष्कळ पाहिले आहेत.

दुखणं कमी व्हायच्या ऐवजी रोज थोडं वाढायचं. पहिल्यांदा शंका काढली ती रेहानानं. सर चहाला गेले होते. तिनं हातमोजा काढला आणि लाल झालेला तळवा माझ्या नाकासमोर धरला. "आधा-आधा बोलती है तू. मेरी हथेली को पूछ कितना आधा है! पहले भी इतनाच लगता था." मी म्हटलं, "सरांनी पन्नास लिवलं न वहीत." ती म्हणाली, "सर की हथेली पे फेक फिर."

माझी एक भाची आहे, नागपूरला फिजिओथेरपी शिकते. मागच्या दिवाळीत आली तेव्हा तिनं मोबाइलवर मला दाखवलं: कोपराला पट्टा बांधलेला खेळाडू, पट्ट्यात यंत्र, प्रत्येक चेंडूला कोपरावर किती ताण येतो ते पडद्यावर दिसतं. ती म्हणाली, "मावशी, निम्म्या जोरानं टाका म्हटलं तरी माणूस निम्म्यापेक्षा पुष्कळ जास्त जोरानं टाकतो, त्याला कळत नाही. आणि ताण तर जोराच्या हिशेबानं उतरतच नाही. त्यात पाय न उचलता टाकलं तर सगळं हातावरच येतं." मोठी नवी गोष्ट सांगितल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. मी म्हटलं, बरं. एवढ्या शिकलेल्या लोकांनी एवढं यंत्र बांधून रेहानाच्या तळव्याइतकी अक्कल मिळवली, चांगलं झालं.

पण जोर कमी झालेला नाही एवढंच रेहानाला कळलं होतं, करायचं काय ते तिलाही माहीत नव्हतं. ते मला मायनं दाखवलं, आणि तेही शिकवायचं म्हणून नाही. पेरणीआधी आमच्याकडे बरड वावरांतले गोटे वेचतात. नांगरटीनं वर आलेले दगड बाया उचलतात आणि वावराच्या कडेच्या धुऱ्यावर फेकतात, दिवसभर, सकाळी उन्हाआधीपासून. आर्णी रस्त्यावरच्या एका वावरात माय त्या कामाला होती. घरी बसून मी बाबांचं सर्टिफिकेट ऐकण्यापेक्षा तिच्यासोबत गेले आणि मोहाच्या झाडाखाली बसून राहिले. तासभर पाहिलं. धुरा जवळ असो की लांब, गोटा मुठीएवढा असो की नारळाएवढा, माय एक पाऊल टाकल्याशिवाय फेकायचीच नाही. आधी मागचा पाय, मग एक छोटं उडीवजा पाऊल, कंबर फिरायची, आणि हात सगळ्यात शेवटी, जणू तो नुसता सोबत आला आहे. अगदी चार हातांवरच्या गोट्यालाही तेच. जेवायला बसलो तेव्हा मी विचारलं, "एवढ्याशा गोट्याले कायले पाय टाकते माय?"

"एवढासाच नासोते न हाताले," माय म्हणाली. "मोठा गोटा असला त माणूस आपोआपच पाय टाकते. लहान्या गोट्याले वाटते, काय हाय याच्यात, हातानंच फेकू. दुपारपर्यंत हात पार कामातून जाते. नवीन बाया येतात न, त्याहीचं असंच होते. दुसऱ्या दिवशी येतच नाई." मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "तुह्या सरानं तुले गोल काढून उभं केलं म्हणे. कायले?"

मी तिला कार्यक्रम समजावून सांगितला. पाव जोर, अर्धा जोर, टक्के, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो सर कधी फेकते का काही?"

दुसऱ्या दिवसापासून रेहाना आणि मी सरांच्या आधी तासभर मैदानावर जायला लागलो. जोराचं नावच घेतलं नाही. मी मायसारखं पाऊल टाकायचे, एक छोटी उडी, कंबर, मग हात. चेंडू जरा उंचावरून सोडायचे, रेहाना आधी जवळ बसायची, मग रोज थोडी मागे सरकायची. मोजून वीस चेंडू, की बंद. आठ दिवसांत वेणी घालता यायला लागली. पंधरा दिवसांत गुंडी उचलली. मग सर आले की मी मुकाट्यानं वर्तुळात उभी राहायचे, पण तिथं चेंडू इतके लिबलिबीत टाकायचे की ते रेहानापर्यंत टप्पे खात जायचे. सर खूश. वहीत पंचवीस लिहायचे. शेवटी एक दिवस मला राहवलं नाही आणि मी त्यांना मायची रीत करून दाखवली, दहा चेंडू टाकले, कोपर हलवून दाखवलं. सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "आता गोटे वेचणाऱ्या बाईकडून बेसबॉल शिकायचा का आपण? मग मला शिबिराला कशाला पाठवलं सरकारनं?" पोरी हसल्या. सरकारनं त्यांना कशाला पाठवलं होतं हे मला आजही कळलेलं नाही.

निवड चाचणी यवतमाळला होती. बाबांना रजा नाही, म्हणून माय आली. तिनं ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं आणि एसटीत सगळा वेळ डबा मांडीवर धरून बसली होती. मैदानाच्या कडेला मांडवात तीन निवडकर्ते तर्री-पोहे खात बसले होते. त्यांच्यातल्या एकानं यादीवरून मान वर करून विचारलं, "कोपर दुखावलेली हीच का? हिचं आधी पाहा. सहल करायला पोरगी न्यायची नाही आपल्याला." लगेच गावंडे सर पुढं झाले. हातात ती वही. म्हणाले, "साहेब, शास्त्रीय पद्धतीनं तयार केली आहे. तीस चेंडू उभ्यानं टाकेल, पाय न हलवता. म्हणजे कोपरात दम आहे का ते स्वच्छ दिसेल." आणि त्यांनी खिशातून चुन्याची पुडी काढली. माणूस घरून निघताना खिशात चुना घेऊन निघतो आणि तो तंबाखूसाठी नसतो, यावरूनच काय ते समजा.

मी त्या वर्तुळात उभी राहिले. लिबलिबीत टाकून इथं चालणार नव्हतं, तिघं पाहत होते. मला पक्कं माहीत होतं की हे कोपर उभ्यानं तीस चेंडू सहन करणार नाही. मला हेही माहीत होतं की मी "साहेब, पाऊल टाकून दाखवते" एवढं म्हटलं असतं तर फार तर सर चिडले असते. सातव्या-आठव्या चेंडूला कोपरात ती जुनी कळ आली. दहाव्याला मायला माझ्या चेहऱ्यावरून दिसलं असावं. ती कुंपणाजवळून उठली आणि वावरात हाक मारतात तशी ओरडली, "कुंदे, पाय टाक वो! पाय टाकून फेक! हात चालला न तुहा!"

मैदानावरच्या सगळ्या माना तिकडे वळल्या. सर म्हणाले, "ओ बाई, खाली बसा, हे वावर नाही." मांडवातले हसले, दुसऱ्या संघाच्या पोरी हसल्या. आणि मीही हसले. त्या सगळ्यांकडे पाहून, म्हणजे ही बाई माझी कुणी नाही आणि असली तरी मी तिच्यासारखी नाही, असं दाखवणारं हसू हसले. गावंडे सरांचा मी आयुष्यभर तिटकारा केला, पण ते निदान मूर्ख होते. मी मूर्ख नव्हते. मायकडून शिकलेल्या रीतीनं माझा हात बरा झाला होता हे मला ठाऊक होतं, आणि चार अनोळखी माणसांसमोर तिची लाज वाटली म्हणून मी पाय हलवला नाही. माझ्या मनात स्वतःबद्दल त्या क्षणाचा जेवढा तिरस्कार आहे तेवढा दुसऱ्या कुणाबद्दल नाही. माय खाली बसली. रेहाना समोरून माझ्याकडे पाहत होती, ती हसली नाही.

बाविसाव्या चेंडूला कोपरात काहीतरी तुटल्याचा आवाज आला. बाहेर कुणाला ऐकू गेला नसेल, मला गेला. करंगळीपर्यंत मुंग्या आल्या आणि मग बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी वाटायला लागली. उरलेले आठ मी कसे टाकले ते सांगता येणार नाही, पण टाकले, कारण आठच उरले होते. सरांनी विचारलं, "दुखतं का?" मी म्हटलं, "नाही सर." ते निवडकर्त्यांकडे वळून म्हणाले, "पाहा!" माझं नाव यादीत आलं. राज्य स्पर्धेत चारही दिवस मी बाकावर बसून काढले, फळीवरच्या सामानासारखी. रेहाना मात्र दुसऱ्याच पिचरपुढं बसून खेळली, आणि चांगली खेळली. परत येताना मलाही सर्टिफिकेट मिळालं, तिच्याइतकंच मोठं, तशाच सोनेरी काठाचं. बाबांनी ते भिंतीला लावलं आणि आठवडाभर गल्लीला ओरडून सांगितलं. डॉक्टरांनी कोपर पाहिलं, आणि यावेळी "हळूहळू" हा शब्द वापरला नाही. ते आजही पूर्ण सरळ होत नाही.

पुढच्या वर्षी भरती निघाली. कोट्यातून अर्ज भरला. कोट्यातल्यांनाही मैदानी चाचणी द्यावी लागते, आणि तीत गोळाफेक असते, हे सरांच्या तोंडपाठ हिशेबात कधी आलं नव्हतं. धावण्यात मी पुढच्यांत होते. मग गोळा. तीन संधी. पहिला गोळा माझ्या हातातून निसटून जवळजवळ पायावरच पडला. दुसऱ्याला मी पाऊलही टाकलं, कंबर फिरवली, सगळं केलं; पण शेवटी तो हातानंच सोडावा लागतो. फीत धरून बसलेला पोलीस वयानं मोठा होता, चेहऱ्यानं वाईट वाटला नाही. त्यानं कागद पाहिला. "खेळाडू कोटा? कोणता खेळ?"

"बेसबॉल."

"त्यात काय करत होती बाई तू?"

"चेंडू फेकत होते."

त्यानं तिसऱ्या गोळ्याची खूण केली. तिसरा गोळा पडला तेव्हा त्यानं फीत उलगडलीच नाही. उठला, दोन पावलं चालला आणि कागदावर काहीतरी लिहून पुढच्या पोरीचं नाव पुकारलं.

घरी आले तेव्हा बाबा कामावर होते. माय ज्वारी पाखडत होती. मी उंबऱ्यावर बसले आणि सांगितलं, नाही झालं. गोळा गेला नाही. तिनं सूप खाली ठेवलं. यवतमाळच्या निवड चाचणीबद्दल ती कधी एक शब्द बोलली नव्हती, आताही बोलली नाही. किती वेळा फेकू दिला, तिनं विचारलं. मी म्हटलं, तीनदा. तिन्ही उजव्या हातानं.

"काहून?" माय म्हणाली. "डावा काहून नाई वापरला? डावा त चांगला होता न."

मी म्हणणार होते की चालत नाही. पण चालतं की नाही हे मला माहीत नव्हतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं.